कोयनेची वीज आणि भांडुपचा संप

कोयनानगरला राहते म्हटले की बाहेरगावची माणसे हमखास म्हणतात, "मग काय बाई, तुमच्याकडे लाइट कधी जातच नसेल!" मी हसते. आमच्याकडे वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. वाऱ्याने झाड तारेवर आले की धरणाच्या कुशीत राहून आम्ही मेणबत्ती शोधत बसतो. वीज आमच्या दारावरून जाते, दारात बसत नाही, असे आमचे कालकथित वडील म्हणायचे.

आमचे घराणे मूळचे जत तालुक्यातले. तो भाग तेव्हा दक्षिण सातारा जिल्ह्यात होता, पुढे त्याचा सांगली जिल्हा झाला. गावात पाणी नाही आणि गावकीच्या कामाला मान नाही, म्हणून आजोबा १९५० च्या दशकात धरणाच्या कामावर आले. आजीने डोक्यावर खडी वाहिली. १९६२ साली कोयनेची वीज सुरू झाली. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे भूकंप झाला, पावणेदोनशेच्या आसपास माणसे गेली. आजी ढिगाऱ्यातून निघाली ती एका हाताने अधू होऊन. वीज केंद्र बंद पडले आणि तिकडे मुंबईचे कारखाने थांबले. आजी मरेपर्यंत सांगायची, "आमची भुई हालली, तवा मुंबईला कळलं कोयना कुठं हाय ते."

वडील तिसऱ्या टप्प्याच्या वेळी हेल्पर म्हणून लागले आणि पुढे वीज मंडळात कायम झाले. आरक्षणाची जागा होती, म्हणून खडी वाहणारणीचा मुलगा पगारपत्रकावर आला. त्या पगारावर मी बी.कॉम. झाले. आज मी एका पतसंस्थेत क्लार्क आहे आणि उरलेल्या वेळात महिला मंडळाचे काम बघते. एवढे सगळे सांगायचे कारण, पुढची हकिकत मुंबईतली असली तरी तिचे दुसरे टोक आमच्या घरात आहे.

१ जानेवारी २०२३ ला आम्ही नऊ जणी भीमा कोरेगावला विजयस्तंभाला अभिवादन करायला गेलो. बाकीच्या परत फिरल्या. मी मात्र दादाकडे भांडुपला गेले. दादाची कंपनी बंद पडून बरीच वर्षे झाली, तो रिक्षा चालवतो. माझा भाचा आयटीआयचा वायरमन ट्रेड करून वीज वितरणात कंत्राटी कामगार म्हणून लागलेला. म्हणजे खांबावर चढतो तो वीज कंपनीच्या, पगार घेतो ठेकेदाराकडून, आणि पडला झडला तर कोणाचा, ते पडल्यावरच कळायचे.

३ जानेवारीला सावित्रीमाईंची जयंती. संध्याकाळी वस्तीच्या बुद्धविहारात कार्यक्रम होता. साठ-सत्तर माणसे असतील. त्रिसरण-पंचशील झाले, मुलींची भाषणे झाली, आणि मग वस्तीतलाच एक कायम वायरमन उभा राहिला. तो म्हणाला, "आज मध्यरात्रीपासून आम्ही बहात्तर तास संपावर जातोय. तुमची साथ पाहिजे."

कशासाठी, तर महावितरण ज्या भागाला वीज देते त्या भांडुप, मुलुंड, ठाणे, नवी मुंबई, पनवेल, तळोजा, उरण या पट्ट्यात समांतर वीज वितरणाचा परवाना मिळावा म्हणून अदानी समूहाच्या कंपनीने राज्य वीज नियामक आयोगाकडे अर्ज केला होता. २००३ च्या वीज कायद्यात एकाच क्षेत्रात दोन परवानाधारक असू शकतात अशी तरतूद आहे. महावितरण, महापारेषण आणि महानिर्मिती या तिन्ही सरकारी कंपन्यांतल्या ३१ संघटना एकत्र आल्या होत्या. एरवी यातल्या दोन संघटनांचे पुढारी एका चहाच्या टपरीवर उभे राहत नाहीत, हे वडिलांच्या वेळेपासून मी पाहिलेले. सुमारे ८६ हजार कर्मचारी, अधिकारी, अभियंते आणि ४२ हजारांच्या आसपास कंत्राटी कामगार, असा आकडा त्याने सांगितला.

सभेत टाळ्या काही पडल्या नाहीत. मागे बसलेली एक आजी म्हणाली, "साथ कसली मागतोस रे? लाइट गेल्यावर तुझा फोन लागत नाही." सगळे हसले. वायरमनही हसला, पण त्याचे कान लाल झाले.

मग एक निवृत्त गृहस्थ उठले. त्यांचा मुद्दा नीट होता. "दोन दुकानं झाली की भाव उतरतो. मोबाइलचं बघा. उपनगरांत २००९ नंतर माणसं एका खाजगी कंपनीकडून दुसरीकडे गेली, काहींची बिलं कमी झाली. मग इथे आली तर बिघडलं कुठं?" तो माणूस खोटे बोलत नव्हता. वस्तीतल्या बायका मान हलवू लागल्या. महिन्याचे बिल ज्यांच्या हातात येते त्यांना "खाजगीकरण" या शब्दाने ताप येत नाही, बिलावरच्या आकड्याने येतो. आपल्या कार्यकर्त्यांना हे अजून कळत नाही. आपण घोषणेपासून सुरुवात करतो.

वायरमन कलमे सांगू लागला आणि सभा हातची जाऊ लागली. तेव्हा वहिनीने मला कोपराने ढोसले. "ताई, तुम्ही हिशेबातल्या ना. सांगा की."

मी उठले, जयभीम केला आणि मुलांच्या फळ्यावर दहा घरे काढली. आकडे माझे होते, समजण्यापुरते. समजा वीज पोहोचवायला युनिटला ८ रुपये पडतात आणि प्रत्येक घर १०० युनिट जाळते. म्हणजे एकूण ८,००० रुपये वसूल व्हायला हवेत. दहातली दोन घरे म्हणजे मोठे दुकान आणि कारखाना, त्यांच्याकडून युनिटला १४ रुपये घेतात. त्यांचे झाले २,८००. उरलेल्या आठ घरांकडून साडेसहा रुपये घेतात, त्यांचे ५,२००. बेरीज बरोबर ८,०००. आता दुसरी कंपनी आली आणि म्हणाली, दुकान आणि कारखाना मला द्या, मी त्यांना १२ ने देते. ते खुशीने गेले. मागे राहिली आठ घरे. त्यांचा खर्च ६,४००. ज्या घराचे बिल ६५० होते ते ८०० झाले. खांब, तारा, रोहित्रे आणि वायरमनचा पगार यांचा खर्च तर दोन गिऱ्हाइके गेली म्हणून कमी होत नाही, तोही आठांवर.

"पण कायद्यानं तिला सगळ्यांनाच द्यावी लागेल की वीज," ते गृहस्थ म्हणाले.

"लागेल, काका. पण तिच्या क्षेत्रातल्या सगळ्यांना. क्षेत्र कुठलं मागायचं ते तिनं ठरवलंय. मुलुंड मागितलं, ठाणं मागितलं, नवी मुंबई मागितली. माझा पाटण तालुका कुणी मागितला नाही."

सभा शांत झाली. मग मी आजीची गोष्ट सांगितली, भूकंपाची. कोयनेचे एकूण १,९६० मेगावॅट, त्यातले पाणी नवजाजवळून डोंगराच्या पोटातून पोफळीकडे कसे उतरते ते सांगितले. डोंगरातल्या वाडीला तार ओढायची तर एका घरासाठी पाच-सहा खांब लागतात. तो खर्च ती वाडी कधीच भरू शकत नाही. तो तुमच्या इथल्या मॉलच्या बिलातून भरला जातो. तुमच्या मुलुंडच्या मॉलने कंपनी बदलली तर माझ्या वाडीचा दिवा महाग होतो. आणि तुमची चाळसुद्धा त्या आठ घरांतच आहे, दोन घरांत नाही.

एका बाईने लगेच विचारले, "आणि नोकऱ्यांचं?" तिची मुलगी डिप्लोमा करत होती. खाजगी कंपनीत आरक्षण नाही, एवढेच मी म्हणाले. त्याचा अर्थ आमच्या समाजात कोणाला समजावून द्यावा लागत नाही.

पुढच्या रांगेतले एक म्हातारे बाबा मात्र नाराज होते. "संप-बिंप हे लाल बावट्याचं काम. आपलं नाही." मी त्यांना ७ नोव्हेंबर १९३८ ची आठवण करून दिली. औद्योगिक कलह विधेयकाविरुद्ध मुंबईत एक दिवसाचा संप झाला, तेव्हा बाबासाहेबांचा स्वतंत्र मजूर पक्ष आणि कम्युनिस्ट एकत्रच रस्त्यावर होते. आणि विजेबद्दल म्हणाल तर व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूर खाते बाबासाहेबांकडे होते तेव्हा वीजही त्यांच्याच खात्यात होती. २५ ऑक्टोबर १९४३ च्या धोरण समितीच्या बैठकीत वीज खाजगी मालकीची असावी की सरकारी, हा प्रश्न त्यांनी अजेंड्यावर घेतला होता आणि देशाला गरिबीतून काढायचे तर वीज स्वस्त आणि मुबलक हवी, ही बाजू मांडली होती. पुढे १९४७ च्या 'राज्ये आणि अल्पसंख्याक' या निवेदनात तर मूलभूत उद्योग राज्याच्या मालकीचे असावेत असे त्यांनी स्पष्टच मागितले. बाबा काही बोलले नाहीत. पण निघताना वायरमनच्या पाठीवर हात ठेवून गेले.

जोगेश्वरीहून आलेल्या एका ताईंनी शेवटी सांगितले की त्यांच्या के-पूर्व वॉर्डात २००६-०७ च्या सुमारास पाणीवाटप खाजगी हातात देण्याचा घाट जागतिक बँकेच्या सल्लागारांमार्फत घातला गेला होता. तेव्हा रहिवासी आणि पालिकेचे कामगार दोघेही उठले म्हणून तो टळला. "नुसते कामगार उठले असते तर लोक म्हणाले असते, यांना पगारवाढ पाहिजे. नुसते आम्ही उठलो असतो तर आतली कागदं कुणी दाखवली असती?" मला ही गोष्ट फार पटली.

सकाळी बायकांनी चहा-पोहे घेऊन कार्यालयाच्या दाराशी जायचे ठरले. त्या फोनवाल्या आजीने दहा रुपये वर्गणी दिली आणि वायरमनला म्हणाली, "आता तरी नंबर दे."

इथपर्यंत सगळे छान. आम्ही घरी आलो.

रात्री दहा वाजता भाच्याला ठेकेदाराचा फोन आला. उद्या कामावर आला नाहीस तर परवापासून येऊ नकोस. शिवाय गोड बोलून हेही सांगितले की नवी कंपनी आली तर तुझ्यासारख्या पोरांना तिथे जास्त पगार आहे, कशाला त्या कायम लोकांच्या नादी लागतोस. वहिनी रडू लागली. घरावर कर्ज, दादाच्या रिक्षाचा हप्ता, त्यात पोराचे लग्न काढलेले. ती म्हणाली, "कायमवाल्यांचं काय जातं? संप मिटला की ते खुर्चीवर. ते आजवर याला नावानं हाक मारत नव्हते. 'ए कंत्राटी, शिडी आण.' आज बरा आठवला!"

खरे होते ते. आणि दादा माझ्याकडे बघू लागला. विहारात पाऊण तास बोलले होते, घरात माझी जीभ उचलेना. मी पतसंस्थेतली कायम नोकर. मी त्याला जा म्हणाले तर ते कोणाच्या ताटातले उचलून? आणि जाऊ नको म्हणाले तर संध्याकाळी फळ्यावर काढलेली दहा घरे कशाला काढली? मी एवढेच म्हणाले, "बाळा, तुझं तू ठरव." आज वाटते, तो माझा पळपुटेपणा होता.

तो बराच वेळ बुटाची नाडी सोडत बसला. मग म्हणाला, "आत्या, त्या आठ घरांत मी पण आहे ना?" आणि झोपायला गेला. बाराच्या ठोक्याला तो उठून बाहेर पडला. वहिनीने दार लावले नाही, रात्रभर तशीच उंबऱ्यात बसली.

४ जानेवारीच्या सकाळी आम्ही चौदा बायका गेलो. शासनाने अत्यावश्यक सेवेचा कायदा, ज्याला मेस्मा म्हणतात, तो लावला होता. पोलीस होते, पण आम्हाला कोणी अडवले नाही. राज्यात ठिकठिकाणी वीजपुरवठा बंद पडल्याच्या बातम्या फोनवर येत होत्या आणि माझ्या पोटात गोळा येत होता. कोणाच्या घरी आजारी माणूस असेल, कोणाचे मशीन विजेवर असेल. संप करणाऱ्याने हे विसरू नये, असे माझे आजही मत आहे. एक अभियंता साहेब आमच्या डब्यातले पोहे खात उभ्या उभ्या म्हणाले, "बाई, तेवीस वर्षांत ग्राहक आमच्या दारात भांडायला आले. पहिल्यांदा खायला घेऊन आले."

दुपारी तत्कालीन उपमुख्यमंत्री आणि ऊर्जामंत्री देवेंद्र फडणवीस यांच्याशी सह्याद्री अतिथीगृहात संघटनांची बैठक झाली. तिन्ही कंपन्यांचे खाजगीकरण करण्याचा सरकारचा विचार नाही, उलट येत्या तीन वर्षांत त्यांत ५० हजार कोटींची गुंतवणूक करू, आणि समांतर परवान्याबाबत सरकार आपली भूमिका आयोगापुढे मांडील, असे त्यांनी सांगितले. बहात्तर तासांचा संप पहिल्याच दिवशी मागे घेतला गेला. गुलाल उधळला. मीही नाचले, लपवत नाही.

भाच्याला ठेकेदाराने सतरा दिवस बसवून ठेवले. त्या सतरा दिवसांची मजुरी बुडाली. पण एक झाले. वस्तीतला तो वायरमन आणि त्याच्या संघटनेची माणसे तीनदा ठेकेदाराकडे गेली. तिसऱ्या वेळी विहारातल्या बायकाही गेल्या. अठराव्या दिवशी पोराला कामावर घेतले. आता त्याला नावाने हाक मारतात म्हणे. वहिनीचा राग मात्र पूर्ण गेलेला नाही आणि तो जावा असे मी तिला सांगायलाही जात नाही.

कोयनानगरला परतल्यावर मी आमच्या विहारात हाच विषय काढला. फळा, दहा घरे, सगळे तेच. वाटले होते, इथे तर टाळ्याच पडतील. पण धरणात गाव बुडालेली एक वृद्धा उठली आणि म्हणाली, "व्हय ग, पर ह्ये धरान सरकारचंच हुतं की. तवा आमास्नी काय दिलं? माझा मालक पुनर्वसनाची वाट बघत मेला."

ह्या प्रश्नाला माझ्या हिशेबात घर नव्हते. सरकारी म्हणजे आपोआप न्यायाचे, असे मी कोणत्या तोंडाने म्हणणार? २०१८ साली श्रमिक मुक्ती दलाच्या नेतृत्वाखाली धरणग्रस्त इथेच कोयनानगरला ठिय्या देऊन बसले होते, तेव्हा ही बाई रोज यायची. मी तिला विचारले, "मावशी, तुम्ही तेव्हा बसलात ते कुणाच्या दारात?" ती म्हणाली, "सरकारच्या." "आणि मालक बदलला तर?" ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "ते बी खरंच. पर माझं उत्तर न्हाई झालं ह्ये." नाहीच झाले. तिचा प्रश्न मी सभेच्या वहीत तारखेसह लिहून ठेवला आहे. पुढच्या प्रत्येक निवेदनात वीज कामगारांच्या मागणीखाली धरणग्रस्तांची मागणी लिहायची, असे त्या दिवशी ठरले. आमच्या महिला मंडळापुरते ते आम्ही पाळतो.

संप मिटला तरी वाद मिटला नाही. चंदीगडच्या वीज कामगारांनी फेब्रुवारी २०२२ मध्ये मोठा संप केला होता, शहर अंधारात गेले होते. तरी १ फेब्रुवारी २०२५ ला तिथली वीज खाजगी कंपनीच्या हाती गेलीच. आपल्याकडेही ऑक्टोबर २०२५ मध्ये वीज कर्मचारी पुन्हा तीन दिवसांच्या संपावर उतरले. पुन्हा मेस्मा, पुन्हा त्याच मागण्या.

त्या वेळी मी भांडुपला फोन केला. भाच्याने उचलला. आता त्याला एक मुलगी आहे. तो अजून कंत्राटीच आहे, ठेकेदार मात्र बदललाय. मी विचारले, "आई काय म्हणते?"

"डबा भरतेय," तो म्हणाला. "माझा एक आणि गेटवरच्या लोकांचे दोन."

मग वहिनीने फोन घेतला, कोयनेला पाऊस उघडला का ते विचारले, आणि तिच्या मागे कोणीतरी शिट्टी वाजवली म्हणून घाईने ठेवून दिला.